चार बोटं जाड गोधडी

आमचे नागपूरजवळच्या शहापूरचे शेजारी वर्षातून दोनदा माझ्याबरोबर नागपूरहून विमानानं पुण्याला लेकीकडे येतात आणि दर वेळी विमानाच्या सीटवर घडी घातलेली गोधडी टाकून बसतात. गोधडी चार बोटं जाड आहे. मी मोजली आहे.

"सीट किती पातळ हाय जी! कंपनीनं कापूस वाचवला."

मी सांगतो, सीट मुद्दाम तशी असते. झटका बसला की गोधडी दबते आणि पट्टा सैल पडतो. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा. ते मान डोलावतात, पट्टा पोटावरच घेतात आणि माझं लक्ष नाही असं समजून वीतभर सैल करतात.

"तुमी कायले एवढे घाबरून राहिले? मी हाव ना."

मागच्या खेपेला विमान एकदम खाली गेलं. पट्टा जेवढा सैल, तेवढेच ते गोधडीवरून उडाले. आणि उडता उडता त्यांनी हात आडवा घालून मला सीटला दाबून धरलं. मला, ज्याचा पट्टा घट्ट होता!

परत सीटवर आदळल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "बरं झालं जी, मी धरलं तुमाले. नाही त गेलेच होते तुमी."