दुर्बिणीवरचं कुंकू

माझे डोळे अधू नाहीत. हे आधीच सांगून टाकते. कारण एकदा माझ्याबद्दल तसं कागदावर लिहिलं गेलं होतं, निळ्या शाईनं, खाली सहीसकट. ते खोडून घ्यायला मला पाच गोळ्या झाडाव्या लागल्या आणि मैदानाला पाच चकरा माराव्या लागल्या.

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. औंढ्याच्या पलीकडं आमचा तांडा. तिथून पोलिसात गेलेली पहिली पोरगी मी. नोकरीला तीन वर्षं झाली होती, आणि जिल्ह्याच्या नेमबाजी पथकात एक जागा रिकामी झाली होती. तिच्यासाठी आम्ही तिघं होतो, दोन गडी आणि मी. साध्या रायफलीवर मी दोघांच्याही पुढं होते, आणि ते दोघांनाही चांगलंच झोंबत होतं. पण शेवटची निवड दुर्बिणीच्या रायफलीवर होणार होती.

ती रायफल एकच होती आणि ती उस्तादांच्या ताब्यात. उस्ताद म्हणजे आमचे नेमबाजीचे हवालदार, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेले, मिशीला कलप लावणारे. माळावरच्या चांदमारीच्या मैदानात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. हजेरीचा कागदसुद्धा ते स्वतः वाचत नसत, कुणाच्या तरी हातात देऊन "वाच रे" म्हणत. आम्हाला तो त्यांचा रुबाब वाटायचा.

दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाला एक कडं होतं. ते फिरतं. आतली फुली ज्याच्या त्याच्या डोळ्याला साफ दिसावी म्हणूनच ते असतं, पण हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की कैक वर्षांपूर्वी उस्तादांनी ते आपल्या डोळ्याला जुळवलं, हलू नये म्हणून वर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, आणि त्या वर्षी पथकानं ढाल जिंकली. तेव्हापासून सगळे त्या रेघेला कुंकू म्हणायचे. "कुंकू पुसू नका रे," एवढीच काय ती दुर्बिणीची शिकवण.

मी पहिल्यांदा डोळा लावला आणि चाटच पडले. फुलीची केसासारखी एकेक रेघ फुगून दोन झालेली, आणि पलीकडचं निशाण चुलीच्या धुरातून बघावं तसं. डोळे ताणले की क्षणभर साफ व्हायचं, की लगेच पाणी यायचं आणि पुन्हा तेच.

"उस्ताद, साफ दिसून राहिलं न्हाई," मी म्हणाले.

"बाकीच्यायला दिसतंय, तुलाच काहून दिसंना?"

मी त्या दोघांकडं बघितलं. "दिसतं की बराबर," एक म्हणाला. दुसऱ्यानं नुसती मान हलवली. दोघंही खोटं बोलत होते, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. पण त्या दिवशी मी एकटी पडले. माझ्या पाचातल्या तीन गोळ्या निशाणाच्या बाहेर गेल्या.

सहा महिन्यांत असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी उस्तादांनी कागद काढला आणि लिहिलं, 'नजर कमजोर. हत्यारी कामास योग्य नाही.' माझ्या तोंडावर मोठ्यानं म्हणून दाखवलं. सोमवारी शेवटची चाचणी झाली की कागद साहेबांकडं जाणार होता. म्हणजे पथक गेलंच, पण बंदूकही जाणार आणि मी जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारत बसणार. मी सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आले, तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. ती चिठ्ठी उस्तादांनी हातातही घेतली नाही. "तक्ता वाचनं येगळं, दुर्बीण येगळी," म्हणाले.

इतका संताप आला होता की रविवारी तांड्यावर गेले ते कुणाशी न बोलता आईजवळ जाऊन बसले. आम्ही आईला याडी म्हणतो. याडी ओढणीवर आरसे टाकत होती. तिनं चष्मा नाकावर सारला आणि सुईत दोरा ओवला, एका दमात. आणि मला तो चष्मा घेतला तो दिवस आठवला. तेव्हा मी शाळेत होते. आखाडा बाळापूरच्या बाजारात चष्मेवाला बसायचा, गोणपाटावर चष्मे मांडून. याडी आणि काकी दोघी गेल्या होत्या. काकीला एक बरा लागला, तर त्या बाबानं तसलाच दुसरा याडीच्या हातात दिला. वर म्हणाला, "दोघी जावा एका वयाच्या, एकच नंबर चालतो." याडीनं चोळीला टोचलेली सुई काढली, तिथंच बाजारात उभं राहून दोरा ओवायला लागली. ओवेना. तिनं चष्मा त्याच्या गोणपाटावर आपटला. "ह्यो तिच्या डोळ्याचा हाय. माझ्या डोळ्याचा दे!" सात चष्मे परत केले तिनं. आठव्याला दोरा गेला.

मी तिथंच बसल्या बसल्या हसायला लागले. "काय झालं गं?" याडी म्हणाली. मी म्हटलं, "काही न्हाई. मी येडी हाय, बस." सहा महिने मी दुसऱ्याचा चष्मा लावून दोरा ओवत होते.

सोमवारी चांदमारीवर माझा नंबर शेवटचा. त्या दोघांच्या गोळ्या निशाणभर विखुरल्या होत्या. मी रायफल घेतली आणि निशाणाकडं न धरता आधी रिकाम्या आभाळाकडं धरली. डोळा लावला, फुली बघितली, लगेच डोळा काढला. बघत राहिलं की डोळा आपणच ताणून जुळवून घेतो आणि फसवतो, हे तीन वेळा मार खाऊन कळलं होतं. मग कड्याला चिमटीत धरलं आणि जोर लावला. कुंकू तडकलं.

"ए बाई! हात काढ! काढ म्हणतो ना!" उस्ताद ओरडले.

मी काढला नाही. थोडं फिरवायचं, झटकन बघायचं, पुन्हा थोडं. एका ठिकाणी फुली अशी उभी राहिली की बस! काळी, बारीक, एकेरी. डोळा लावताक्षणीच साफ. निशाणाकडं वळवली तर निशाणाच्या कागदाला मारलेल्या टाचण्यासुद्धा दिसल्या. आईशप्पथ सांगते, मला रडू फुटलं. मग डोळे पुसले आणि पाच गोळ्या झाडल्या.

निशाणाचा कागद आणला तेव्हा पाचही भोकं मधल्या काळ्या गोलात होती, तळहाताखाली झाकता येतील एवढी जवळ. उस्तादांनी कागद उलटा करूनही बघितला. मग म्हणाले, "पथकात तू. पन हुकूम मोडला. मैदानाला पाच चकरा, रायफल डोक्यावर."

"मारते," मी म्हटलं. "आधी तुमी एकदा बघा."

ते तणतणत चटईवर आडवे झाले. "ह्ये काय करून ठेवलं? नुसतं धुकं हाय!"

"माझ्या डोळ्याचं हाय ते, उस्ताद. तुमच्या डोळ्याचं तुमी फिरवून घ्या."

आणि मी साधी रायफल डोक्यावर धरून पळत सुटले. दुसऱ्या चकरेला बघितलं तर ते कडं फिरवत होते, तुटलेल्या कुंकवापाशी आणून थांबले होते. तिसऱ्या चकरेला तिथून पुढं बरंच फिरवत होते. चौथ्या चकरेला त्यांचा आवाज ऐकू आला, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा, "आयला, साफ!" तेव्हा लक्षात आलं. ती रेघ आता त्यांच्या डोळ्याचीही राहिली नव्हती. खांदा दुखतो म्हणून त्यांनी नेमबाजी सोडली, असं सगळे सांगायचे.

पाचवी चकर संपवून मी धापा टाकत त्यांच्यापुढं उभी राहिले. "आता तो कागद खोडा."

"पथकात घेतलं ना तुला? साहेबाकडं धाडत न्हाई, झालं."

"न्हाई. लिहिलं तसं खोडा, आन् खाली सही करा."

मी त्यांच्यावरची नजर हटवली नाही. शेवटी त्यांनी खिशातून कागद काढला, पेन काढलं. कागद हातभर लांब धरला, मग आणखी लांब, मग पुन्हा जवळ आणला. ते दोघं दूर आहेत ना, हे त्यांनी वळून बघितलं.

"कुठं लिहिलंय, दाखव गं पोरी," ते म्हणाले.

मी ओळीवर बोट ठेवलं. "हितं."