रंगचक्रातला निळा

शाळेच्या वर्धापनदिनासाठी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एक काम दिलं. आपल्या शाळेत सुरुवातीपासून चित्रकला कशी शिकवली गेली, ते एका वर्गखोलीत मांडून दाखवायचं. डोणगावकडच्या या शाळेत मी पाचवीपासून शिकले आणि पुढे तिथेच चित्रकलेची शिक्षिका झाले. त्यामुळे हे काम माझ्याकडेच येणार होतं.

आठवीतल्या एका मुलीला मदतीला घेतलं आणि मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. लाकडी शंकू, घन, दंडगोल निघाले. ते टेबलावर ठेवून आमचे चित्रकलेचे सर आम्हाला छायाप्रकाश शिकवायचे. रंगाच्या भुकटीचे डबे निघाले. त्या काळी डिंकाच्या पाण्यात भुकटी कालवायची आणि ज्याने त्याने घरून आणलेल्या करवंटीत आपला वाटा घ्यायचा. पुढे रंगाच्या वड्या आल्या, मग तेली खडू, मग बाटल्यांतले पोस्टर कलर. मुलगी एकेक वस्तू पुसून ठेवत होती आणि मी चिठ्ठ्या लिहीत होते.

सगळ्यात तळाशी सरांचं रंगचक्र होतं. पुठ्ठ्यावर कापड चिकटवून सरांनी ते स्वतः रंगवलं होतं. लाल आणि पिवळा मिळून नारिंगी होतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकले. पण आता ते पाहून मला वाईट वाटलं. पांढरी जागा चहा सांडल्यासारखी पिवळट झाली होती, जांभळा तपकिरी पडला होता आणि निळा तर काळपट हिरवा दिसत होता.

प्रदर्शनात असं कसं ठेवायचं? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ब्रश घेऊन बसले. बाटलीतला निळाही मला मळकाच वाटला. दुकानदाराने शिळा माल दिला म्हणून मनात चरफडले, त्यात पांढरा आणि थोडा जांभळा मिसळला आणि निळ्याची अख्खी पाकळी रंगवून काढली. पुढच्या पाकळीला ब्रश लावणार तेवढ्यात ती मुलगी आली.

"मॅडम, निळ्यावर जांभळा काऊन लावला?"

"जांभळा कुठे? निळाच आहे तो."

ती हळूच म्हणाली, "निळा आधी होता मॅडम. चांगला होता. आता जांभळा दिसून राह्यला."

मी तिच्यावर डाफरले नाही, एवढं बरं केलं. शिपाईमामांना हाक मारून रंग विचारला. त्यांनीही जांभळाच सांगितला. मी ब्रश पाण्यात ठेवून दिला.

पंचवीस वर्षं रंग शिकवणाऱ्या बाईला रंग दिसेनात, हे सांगायचं कोणाला? दोन दिवस मी घरीही बोलले नाही. मागच्या महिन्यात त्याच मुलीच्या चित्राखाली मी 'आकाश मळकट' असा शेरा मारला होता, तोही आठवला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना यजमानांनी विचारलं, "काय झालं?" तेव्हा सगळं बाहेर पडलं. ते म्हणाले, "मोतीबिंदू असंल. उद्या बुलढाण्याले जाऊ."

मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळूहळू पिवळी काच चढत जाते, तुम्हाला कळत नाही." आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मी खिडकीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तो निळा होता. डावा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. एका डोळ्याला निळा, दुसऱ्याला शेवाळी. मी तिथेच रडायला लागले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याला हात लावू नका हं."

शाळेत परतल्यावर आधी त्या मुलीची वही मागवली. आकाश स्वच्छ होतं. मी शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'चूक माझी होती.' ती लाजून म्हणाली, "असू द्या ना मॅडम."

राहिलं रंगचक्र. बाकीचे रंग जिथल्या तिथे, ताजे होते. त्यांच्यात माझी एक फिकट जांभळी पाकळी. पुसायला जावं तर खालचा सरांचा भुकटीचा रंगही निघणार. सर आता मेहकरला मुलाकडे असतात. तो तक्ता पिशवीत घालून मी रविवारी एसटीने गेले, सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसले.

सरांनी तक्ता डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग हसले.

"त्या निळ्यावर माह्येच तीन-चार हात हायेत पोरी. दर साली शाळा उघडली का मी नवा रंग द्यायचो. पोरायच्या बोटानं निघून जाये."

"मला वाटलं, तुमची आठवण खराब केली."

"आठवण कायची? पोरायले शिकवाले बनवला होता तो. निळा दे अन् टांग भितीवर."

छातीवरचं ओझं उतरलं. सूनबाईंनी चहा आणला. तो पीत असताना सरांनी मला सहज विचारलं, "पण मले सांग, तू लावलेला रंग जांभळा हाये का? मले तं निळाच दिसून राह्यला."

पुढच्या आठवड्यात यजमानांनी आम्हा दोघांनाही गाडीत घालून बुलढाण्याला नेलं. माझा डावा डोळा आणि सरांचा उजवा एकाच सकाळी झाला. प्रदर्शनाच्या दिवशी सर काळा चष्मा लावून आले, खुर्चीवर बसले आणि पाचवीच्या पोरांना करवंटीत डिंक किती घालायचा ते सांगत राहिले. नवा निळा दिलेलं रंगचक्र शेजारीच भिंतीवर टांगलं होतं आणि पोरांचे हात कोपरापर्यंत रंगले होते. त्या दिवशी मी कुणालाच हात धुवायला पाठवलं नाही.