नववी चकती

दादाने माझ्या इस्त्रीचा प्लग भिंतीतून उपटला, तेव्हा मी एका कोटाची कॉलर बसवत होते. कॉलर अर्धवट सोडली की ती हट्टी पोरासारखी वाकडीच राहते, हे सत्तावीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला कुणी सांगायला नको. मी तोंड उघडणार होते, पण त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले. पांढराफटक पडला होता. गरम इस्त्री फडक्यात धरून तो आपल्या टेबलाशी गेला आणि स्क्रू काढायला लागला. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना.

आमचं दुकान एक, धंदे दोन. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन, आतल्या बाजूला त्याचं टेबल. माझा हा थोरला भाऊ बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतो, म्हणून गल्लीत सगळे त्याला जोडकाका म्हणतात. सातव्या वर्षी त्याने बाबांचं गजराचं घड्याळ उघडलं, सडकून मार खाल्ला आणि रडत रडत ते पुन्हा चालू करून दाखवलं. तेव्हापासून आमच्या घरात काही टाकून द्यायची सोय राहिली नाही. मेलेल्या पंख्यातलं काढायचं, आजारी मिक्सरला लावायचं. ‘वस्तू मरत नाहीत, माणसांना कंटाळा येतो,’ हे त्याचं ब्रह्मवाक्य. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, नवीन माल मला झेपत नाही. माणसांची नावं त्याच्या डोक्यात टिकत नाहीत, पण एकदा उघडलेली वस्तू तो जन्मात विसरत नाही. माझं उलटं आहे. मला माणसं मापांसकट आठवतात.

“काय झालं ते सांगशील का आता?” मी विचारलं.

सांगितलं त्याने, पण तुकड्या-तुकड्याने. सुटे भाग आणायला तो मोठ्या दुकानात गेला होता. तिथल्या भिंतीवर एका कंपनीचं पत्रक लावलेलं होतं. पाणी तापवायच्या अमुक क्रमांकाच्या किटल्या ताबडतोब बंद करा, आणून द्या, बदलून मिळतील. किटली फार तापली की वीज तोडायला आत एक बटणाएवढी चकती असते. ती वर्षभरात चिकटून बसते, मग वीज तुटतच नाही. दोन घरांना आग लागली होती. पत्रकावर एका जळक्या ओट्याचा फोटो होता.

“मग आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे कुठे किटली आहे?”

“किटली नाही. चकत्या आहेत.”

गेल्या वर्षी भंगारवाल्याने त्याला नऊ किटल्या दिल्या होत्या. वरून चेपलेल्या, पण आतून कोऱ्या. दादाने नऊच्या नऊ चकत्या काढून घेतल्या आणि जिथे लागेल तिथे बसवल्या. एक माझ्या इस्त्रीत. बाकीच्या आठ लोकांच्या घरांत.

पत्रकात फक्त किटल्या होत्या. लोक किटलीच्या बुडाशी क्रमांक बघणार, तो नाही म्हणून निर्धास्त होणार आणि शेजारी दादाने नीट केलेला हीटर लावून झोपणार. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माझ्यासमोर बसून घाम पुसत होता.

“खरं सांगू नकोस,” मीच म्हणाले. “नाव जाईल. थंडीचे दिवस आहेत, मोफत तपासणी करतोय म्हण आणि गुपचूप बदलून टाक.”

तो पिशवी भरायला लागला. दोन दिवसांत आम्ही सात घरं केली. तो वस्तूचं वर्णन करायचा, मी माणूस ओळखायची. ‘दांडा वितळलेली इस्त्री’ म्हटलं की मी म्हणायची, हां, खांदे रुंद असलेल्या मास्तरीणबाई. सगळीकडे आमचं कौतुक झालं. असे कारागीर आता राहिले नाहीत म्हणे. एकीने तर कुंडीतली फुलं तोडून माझ्या हातात दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सातांतल्या दोन चकत्या चिकटलेल्या निघाल्या. दादाने त्या टेबलावर ठेवल्या होत्या, काळ्या पडलेल्या, आणि त्यांच्याकडे बघत तो नुसता बसून राहायचा.

नववी काही केल्या आठवेना.

ज्याला तीस वर्षांपूर्वीचा रेडिओ आठवतो, त्याला ही आठवेना. भीतीने डोकंच चालेना त्याचं. रस्त्यावरून आगीच्या बंबाची घंटा गेली की हातातलं टाकून दारात उभा राहायचा, गाडी कुठल्या बाजूला वळते ते बघत. जेवण पुढे तसंच. खोटं कशाला बोलू, मलाही घास उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एका बाटलीचं बूच उघडत होते आणि तो ओरडलाच.

“बूच. पांढरा हीटर होता. त्याचा एक पाय तुटला होता, मी त्याला बूच बसवलं.”

“कुणाचा हीटर?”

“काय माहीत. बूच बघून कुणीतरी पोट धरून हसलं होतं.”

मला ती लगेच आठवली. पोट धरूनच हसली होती ती, कारण पोट धरल्याशिवाय तिला हसताच येत नव्हतं. त्या दिवशी मी तिचा गाऊन तिसऱ्यांदा उसवून सैल केला होता. जुळी होती पोटात. गाऊन मीच तिच्या घरी नेऊन दिला होता, चौथ्या मजल्यावर.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

त्या चार जिन्यांवर माझी काय अवस्था झाली ते मलाच ठाऊक. दर मजल्यावर मी वास घेत होते. दादा पुढे होता, कठडा धरून, आणि तोंडाने नुसतं ‘नको, नको’ म्हणत होता. दार वाजवलं. तिने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मुलं झोपली होती, म्हणून फोनचा आवाज बंद होता. मला हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात तापलेल्या रंगाचा वास आला.

पाळण्यापासून दोन हातांवर तो हीटर होता, बुचाच्या पायावर उभा. त्याच्यावर ओली झबली वाळत घातलेली. चकती धड असती तर वीज केव्हाच तुटली असती. तुटली नव्हती. एका झबल्याची कड चहा सांडल्यासारखी तपकिरी झाली होती. दादाने प्लग ओढला आणि झबली उघड्या हातांनी बाजूला केली. बोटं भाजली, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

“मोफत तपासणी आहे,” मी सुरुवात केली.

“थांब जरा,” दादा मला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “ताई, किटल्यांचं पत्रक पाहिलंत?”

“पाहिलं. आमच्याकडे ती किटली नाही.”

“तिच्यातलीच चकती या हीटरमध्ये आहे. मी बसवली. खराब आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, पण बसवली मीच.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते झबलं उचललं, कडेवरून बोट फिरवलं. मग एकेक मूल उचलून दोन्ही खांद्यांवर घेतलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली, आमच्यापासून होता होईल तितकी लांब.

“आमच्या घरात तुम्ही आणखी काय काय दुरुस्त केलंय?”

दादा एकेक दाखवत गेला. मिक्सर. टेबलावरचा दिवा. दारावरची बेल. पाळण्यावर टांगलेला छोटा पंखा. जमिनीवर फतकल मारून त्याने एकेक वस्तू उघडली, आतलं तिला दाखवलं, पुन्हा बंद केली. तासभर लागला. मुलं जागी झाली, रडली, गप्प झाली. ती दारातून हलली नाही.

“बाकी सगळं धड आहे,” तो म्हणाला.

“असेल,” ती म्हणाली. “घेऊन जा.”

बेलसुद्धा काढून घेतली आम्ही. चार जिने उतरताना ती माझ्या पिशवीत दोनदा वाजली.

त्याच दिवशी दादा त्या सातही घरी पुन्हा गेला आणि खरं काय ते सांगून आला. एकटाच गेला. मला म्हणाला, तू नको येऊस, तू गोड बोलतेस. दुकानाच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद लावला आहे. ज्याला शंका असेल त्याने वस्तू आणून द्यावी, समोर उघडून दाखवीन. रोज कुणी ना कुणी येतं. दुरुस्तीला मात्र फारसं कुणी येत नाही.

काल मी मशीनवर बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “दादा, माझ्या या मशीनमध्ये कुठलं काय घातलंयस?”

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, “मोटर दुसऱ्या मशीनची आहे. चांगली आहे.”

“बरं,” मी म्हणाले. पेडलवर पाय ठेवला. मग पाय काढून घेतला, खाली वाकले आणि मोटरला हात लावून पाहिला. तो बघत होता.