कार्डासमोरचा कूलर

औशाच्या बसस्टँडामागं सोमेशचा फोटो स्टुडिओ आहे. बोर्डावर नाव सोमेशचं, पण लग्नात कॉम्प्युटरपुढं बसते ती त्याची बायको शिवकांता. सोमेश कॅमेरा धरतो. कॅमेऱ्यातलं चित्र मोठ्या पडद्यावर सोडायचं, त्यावर नवरा-नवरीची नावं फिरवायची आणि कुणी सांगितलं तर तेच लिंकवरून लांबच्यांना दाखवायचं, हे सगळं तिचं काम. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं. थांबवलं म्हणणं जास्त खरं, पण तो विषय ती काढत नाही.

कॉम्प्युटरातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्राचं ओझं ओढणारा भाग, नांदेडहून आणलेलं. जुनं आणि हलक्यातलं. पडदा आणि लिंक एकदम चालवायची त्याची ऐपत नव्हती. शिवकांतानं मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याचा वेग वाढवला. एका झटक्यात नाही. थोडा वाढवायचा, अर्धा तास चालवून बघायचं, चित्रात ठिपके आले की एक पाऊल मागं. वेग वाढला तसं कार्ड तापायला लागलं. मग तिनं आतली, उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळली होती ती खरवडून नवी लावली, कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू कायमची काढून ठेवली, आणि शेवटी कार्डाला मिळणारी वीजच जराशी कमी केली. सोमेश म्हणाला, "खायला कमी अन् काम जास्त, हे तर सुनेवानी झालं." ती हसली नाही. पण वेग टिकला आणि ताप आठ अंशांनी उतरला.

हे डिसेंबरातलं. मे महिन्यात पत्र्याच्या मंगल कार्यालयात भरदुपारी माणूस उकडून निघतो, तिथं कार्डाची काय कथा! म्हणून ऑर्डर घेतानाच शिवकांता अट घालायची: एक जंबो कूलर माझ्या टेबलाकडं तोंड करून, चार हात लांब, म्हणजे पाणी उडायचं नाही. लोक हसायचे आणि कबूल व्हायचे.

गेल्या मे महिन्यात किराणा दुकानदार शरणप्पांच्या धाकट्या लेकीचं, वर्षाराणीचं लग्न होतं. शरणप्पांनी फक्त पडदा सांगितला होता, लिंक नाही. हळदीच्या दिवशी वर्षाराणीनं शिवकांताला बाजूला घेतलं. तिची थोरली बहीण महानंदा आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून लातूरला गेली होती. लातूर औशापासून काही लांब नाही, पण शरणप्पांच्या घरात तेव्हापासून तिचं नाव निघत नव्हतं.

"वैनी, कुणाला सांगू नका," वर्षाराणी म्हणाली. "ताईला लिंक द्या. लग्न तेवढं बघू द्या म्हणायलीय. दुसरं काई मागत न्हाई ती."

शिवकांता हो म्हणाली.

मुहूर्त बारा एकेचाळीसचा होता. साडेबाराला नवरदेवाचे वडील रामलिंगअप्पा घाम पुसत उठले. "हे डबडं काय नवरदेव हाय का? त्याला गारवा कामून?" म्हणत त्यांनी कूलर आपल्या सोफ्याकडं वळवला. मुलीकडच्या वीस माणसांनी ते पाहिलं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. व्याह्याचा कूलर हलवायचा म्हणजे लग्न मोडायला आमंत्रण, असं आमच्याकडं मानतात. कूलरवरून मोडलेलं लग्न कुणी पाहिलेलं नाही, तरी मानतात.

कार्ड एकोणऐंशी अंशांवर होतं, ते चौऱ्याऐंशीवर गेलं. नव्वद झाले की कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, आणि परत सगळं सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात अक्षता पडून गेल्या असत्या. शिवकांतानं वाढवलेला वेग उतरवला, तर चित्र दोन्हीकडं अडखळायला लागलं. दोन्हीतलं एक बंद करणं भाग होतं. लिंक बंद केली असती तर मंडपात कुणाला पत्ताही लागला नसता.

तिनं पडदा बंद केला आणि लिंक जराही अडखळू नये म्हणून वेग पुन्हा चढवला.

गलका झाला. मला विचाराल तर तिनं बरोबर केलं, पण त्या वेळी ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केलेलं बरं. आपलं तोंड पडद्यावर बघायला कुणाला आवडत नाही!

शरणप्पा तरातरा टेबलापाशी आले. "पाव्हण्यांपुढं इज्जत घालवलीस, बाई. लाव पडदा."

"मामा, पडदा लावला तर सगळंच बंद पडंल."

"सगळंच म्हणजे? अजून काय चालू हाय?"

शिवकांतानं खुर्ची थोडी बाजूला सरकवली. तिच्या छोट्या स्क्रीनवर मंडप दिसत होता आणि त्याच्या खाली एक ओळ आली होती: 'वर्षा लई छान दिसायलीय. आपले आप्पा कुठं हायत? दिसना गेलेत.'

शरणप्पांनी वाकून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"कुणी लिहिलं हे?"

"महानंदानं."

मागं अंतरपाट धरायला माणसं गोळा होत होती. शिवकांता भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी झालेत, मामा. कूलर न्हाई मिळाला तर हे बी जाईल."

शरणप्पा सोफ्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी कूलर धरून फिरवला. त्याची चाकं फरशीवर करकरली. रामलिंगअप्पांच्या कपाळावरचा रुमाल तिथंच राहिला.

"व्याही, हे काय करायलात?"

"घडीभर सोसा," शरणप्पा म्हणाले. "माझी थोरली लेक लग्न बघायलीय."

आठ वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. पहिल्या दोन रांगांतली माणसं वळून बघायला लागली. शरणप्पांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. रामलिंगअप्पा रुसले, पण रुसून बसूनच राहिले.

शरणप्पा परत आले ते सोमेशच्या कॅमेऱ्यासमोर, दिसतील असे उभे राहिले. तिथूनच त्यांनी शिवकांताला विचारलं, "तिला आवाज बी जातोय का?"

शिवकांतानं मान डोलावली.

शरणप्पा लग्न लावणाऱ्या स्वामींकडं वळले. "स्वामी," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हणा."