मागे राहणारे तांडेलकाका

दुकानदाराने कपाटातून दुर्बीण काढून समोर ठेवली, की तांडेलकाका ती डोळ्यांना लावत नसत. आधी विचारत, "भाई, बालटी मिलेगा?" आखातातल्या मनामा शहरात, चौथ्या दुकानात हाच प्रश्न आला, तेव्हा मी ओळख नसल्यासारखा बाजूला सरकलो. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये कॅमेरे का दुकान है, मछली का नहीं." काका शांतपणे म्हणाले, "पानी का चीज पानी में ही देखेगा ना?"

काका देवगडजवळच्या एका वाडीतले. तुबलीतल्या वर्कशॉपमध्ये होड्यांना फायबरची ठिगळं लावण्यात त्यांचा जन्म गेला. मी पुण्याचा, अकाउंट्सवाला, मुलीच्या शाळेपायी ईसा टाउनला राहणारा. दर शुक्रवारी सकाळी काका आम्हा सात जणांना तुबलीच्या खाडीत एकेकट्याने कयाक होड्या वल्हवायला नेत. आमच्यात माझी रेवा होती आणि पट्टीचा पोहणारा दळवी होता. मला पोहणं जेमतेम येतं आणि पाण्याची भीती भरपूर. दळवी त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करी.

काका कायम सगळ्यांच्या मागे असत, गळ्यात जुनी दुर्बीण. वयामुळे मागे पडतात, असं मला वाटायचं. एकदा मी चेष्टेने तसं म्हणालोही. काकांनी वल्हं मांडीवर घेतलं. "माझो धाकटो भाव मागच्या होडयेत होतो, सायबानू. मी पुढे बघान वल्हवत रवलंय. वळान बघलंय, तर होडी रिकामी." आणि त्यांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

त्या जुन्या दुर्बिणीत पाणी शिरून काचांवर आतून बुरशी चढली, तेव्हा नवी शोधायची मोहीम सुरू झाली. मी आपला मोठ्या आकड्याचा भोक्ता. बारा पट मोठं दाखवणारी दिसली, की म्हणायचो, हीच घ्या. काका हसत. "होडी हलता, हात हलतत. तेच्यात बारापट हलणारा जग बघून तुमी काय करतल्यात? सात पुरे." ओल्या हातातून निसटू नये म्हणून रबराचं आवरण हवं. पट्टा नारिंगी आणि पाण्यावर तरंगणारा हवा. एसीच्या गारव्यातून ती बाहेरच्या दमट उन्हात न्यायची, वरची वाफ पुसायची आणि आतल्या काचा धुरकटतात का ते बघायचं. आत वाफ धरली, की ती बाद. हे सगळं झाल्यावर दुर्बीण माझ्या हातात देत. "चष्मो काढू नका हां. चष्म्यासकट बघा." काकांना स्वतःला लांबचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसायचं. तरी चष्म्यातून अर्धंच दिसतं, असं मी म्हटलं, की चांगली दुर्बीणही ते परत करत. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून मी ते सोडून दिलं.

शेवटी एका भल्या दुकानदाराने लादी पुसायची बादली धुऊन, भरून आणून दिली. अर्धा तास बुडवलेली दुर्बीण काकांनी लेकराचं डोकं पुसावं तशी पुसली आणि म्हणाले, "खलास. हीच."

पुढच्या शुक्रवारी किनाऱ्यावर त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. "सायबानू, आजपासून तुमी मागे."

मला हसूच आलं. मग कळलं, की कंपनीने त्यांचा व्हिसा वाढवला नव्हता आणि छातीचं दुखणंही बळावलं होतं. आठवड्याने गावी जायचं तिकीट खिशात होतं. आणि तो चष्म्याचा हट्ट माझ्यासाठी होता. मी हात जोडले. "काका, मला नीट पोहताही येत नाही. दळवीला द्या."

"पोवणारे पुढे आसत. माका बघणारो व्हयो. तुमी भियतात, म्हणान तुमका सांगतंय. भियणारो माणूस परत परत मोजता."

काका गावी गेल्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी वारा सुटला. माझ्या पुढे सहा होड्या हव्या होत्या. रेवाची पिवळी होडी दिसत होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तरी मोजल्या. पाच भरल्या. पुन्हा मोजल्या. पाचच. दुर्बीण लावून पाणी एका टोकापासून विंचरत गेलो, तर ओहोटीच्या ओढीत एक उलटी होडी दिसली आणि तिला एका हाताने धरलेला दळवी. खांदा निखळला होता त्याचा, आणि ओरडणं वाऱ्याने आमच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. पुढचे वळले आणि दळवीला ओढून काठावर आणलं. रेवा म्हणाली, "बाबा, नोबडी एल्स सॉ हिम."

काका त्यानंतर दोन महिन्यांनी वारले. आमचं शेवटचं बोलणं त्या शुक्रवारीच झालं. घरी पोहोचल्याबरोबर मी देवगडला फोन लावला. शाबासकी हवी होती मला, खोटं कशाला बोलू? वारा, ओहोटी, सगळं रंगवून सांगू लागलो. त्यांनी मध्येच तोडलं.

"सगळी इली?"

"हो, आली, फक्त दळवीच्या खांद्याला—"

"सगळी इली काय, ता सांगा."

"इली, काका. सगळी इली."

पलीकडे तो म्हातारा माणूस हमसून हमसून रडू लागला. मी फोन कानाशी धरून उभा राहिलो आणि त्यांना रडू दिलं.