ड्रम एकच, झबलं वेगळं

डाव्या तळहातावर दोन गोळ्या. एक मोठ्या नावाच्या चकचकीत पाकिटातली, दुसरी साध्या पाकिटातली. वरून उजवा हात झाकायचा, दोन्ही गोळ्या खुळखुळवायच्या आणि मग तळहात समोरच्याच्या नाकाखाली धरून विचारायचं, "सांगा सर, मोठ्या घरची कोणती?"

सांगता येत नसे. आमच्या खोल्यांच्या रांगेत कुणालाच आलं नाही. तुम्हालाही आलं नसतं, कारण दोन्ही सारख्याच गोल, सारख्याच फिकट. मग तो खूश होऊन ठरलेलं वाक्य टाकी, "ड्रम एकच शे सर. झबलं वेगळं."

मी रत्नागिरीकडचा, सिल्वासातल्या शाळेत मराठी शिकवायला आलेला. तो धुळ्याकडचा, गलोंड्याच्या एका औषध कारखान्यात, गोळ्या पाकिटात बंद करणाऱ्या मशीनवर. अथालच्या रस्त्याला आमच्या भाड्याच्या खोल्या एका रांगेत होत्या. सगळी रांग अशीच, कुठून कुठून पोटासाठी आलेली, आणि त्याच पोटात जळजळ घेऊन बसलेली. पाळीची नोकरी, अवेळी जेवण, आणि जेवण आक्काच्या खानावळीतलं. आक्का चोपड्याची. नवरा गेल्यावर इथे येऊन तिने खानावळ काढली. पोरांना घरची आठवण यावी म्हणून ती शेवभाजीत तिखट सोडी, आणि आठवण यायची ती पहाटेपर्यंत येतच राहायची.

छातीवर हात चोळत कुणी दिसला की हा पुढे सरसावे. जळजळीच्या सगळ्या औषधांची त्याने वर्गवारी करून ठेवली होती. "खायचा सोडा म्हणजे पाहुणा. आला, ढेकर दिला, गेला. ती पाण्यात फसफसणारी पुडी म्हणजे वरात, आवाजच मोठा. गुलाबी औषध म्हणजे शेजारीण, तेवढ्यापुरती फुंकर घालील. आणि ही गोळी म्हणजे सून. आल्या आल्या काही दाखवणार नाही, पण कामाला लागली की रात्रभर घर सांभाळील." सुनेबद्दल इतकं चांगलं बोलणारा तो आमच्या रांगेतला एकमेव माणूस.

माझ्या खिशात एकदा त्याला मोठ्या नावाचं पाकीट दिसलं. माझा खिसा मारला गेला असावा असा त्याचा चेहरा झाला. त्या एका पाकिटाच्या किमतीत साधी चार पाकिटं येत. "सकाळी एक फॉइल लावतो, दुपारी दुसरं. वरच्या ड्रममधून पडणारी गोळी तीच. तुम्ही झबल्याचे पैसे देता, सर!" मी साध्या गोळीवर आलो. फरक पडला नाही. म्हणजे जळजळ तशीच थांबली, आणि पगार जरा लांब पुरला.

पण त्याचा खरा मान वाढला तो आक्कामुळे. तिची जळजळ आमच्यासारखी तिखटाची नव्हती. वापीला दुर्बिणीने तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोटात जखम आहे, गोळी बरेच महिने रोज घ्यायची, मिसरी सोडायची. मिसरी काही तिने सोडली नाही. गोळी मोठ्या नावाची लिहिलेली, तिला झेपेना, म्हणून ती एक दिवसाआड घेई. हे कळल्यावर तो तिच्यावर खेकसला, "आक्का, एक दिवसाआड घेशील तर जखम भरायची कधी?" साधी पाकिटं त्याने स्वतः आणून चुलीमागच्या फळीवर ठेवली. काही महिन्यांत आक्का पोटावर हात न दाबता भाकऱ्या थापू लागली. मिसरी चालूच, म्हणून गोळीही चालूच. येईल त्याला सांगे, "मना भाऊनी गोळी." मग काय, सगळी रांग साध्या गोळीवर. नाक्यावरचा औषधवाला शेठ चरफडे, "हा माणूस मारो धंधो बंद करेल."

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला. खुळखुळा नाही, प्रश्न नाही. टेबलावर दोन गोळ्या ठेवल्या आणि म्हणाला, "सर, चावा."

पहिली दाताखाली फुटली आणि तोंड कडूजहर झालं. दुसरी चावली. काहीच नाही. खडू चघळल्यासारखं.

"ही दुसरी साध्या पाकिटातली," तो म्हणाला. "महिना झाला, तिचा ड्रम निराळा येतो. मशीनमध्ये नुसता भुगा पडायला लागला, तेव्हा मी एक चावून पाहिली. औषधाचा कडूपणाच नाही." त्याने सुपरवायझरला विचारलं होतं. उत्तर मिळालं, "तू फॉइल देख, गोली मत देख."

मी म्हटलं, स्वस्त माल शेवटी स्वस्तच. तो माझ्यावर भडकला. "स्वस्त होती म्हणून वाईट नव्हती, सर! इतके दिवस आक्काला कशाने बरं वाटलं? ही चोरी शे, चोरी. लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून घेतलीय ती."

तो गप्प बसला असता तर त्याचं काहीही बिघडलं नसतं. गावाकडे बायको होती, दोन मुली होत्या, पगार वेळेवर होता. शहाण्या माणसाने गप्पच बसावं, आणि आमच्या रांगेत शहाण्यांना तोटा नव्हता. हा त्याच दुपारी खानावळीत ऐन जेवणाच्या वेळी उभा राहिला आणि म्हणाला, "साधी गोळी बंद करा. ड्रम आता एक नाही राहिला."

कुणी वाटीतून मान वर काढली, कुणी काढलीच नाही. एकजण म्हणाला, "काल एक म्हणतो, आज एक." दुसरा म्हणाला, "मोठ्या कंपनीने पैसे चारले वाटतं." चूक त्यांची तरी काय म्हणावी? झबल्याचे पैसे देऊ नका हे त्यांना यानेच शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं.

त्याने गोळ्या काढल्या आणि आक्कापुढे धरल्या. "तू चावून पाहा." आक्काने मोठ्या नावाची चावली, थू थू केलं, चूळ भरली. मग साधी चावली. तिचा चेहरा खुलला.

"ही तर कडू बी नही लागत. मंग चांगलीच शे ना!"

सगळी खानावळ हसली. मीही तिथेच होतो. मी आक्काला समजावू लागलो की औषध कडू असतं तेच बरं, तर ती म्हणाली, "सर, तुमले पगार शे." आणि त्याच्याकडे वळून, अगदी शांतपणे, "तूच सांगेल व्हतं ना भाऊ, ड्रम एकच शे?" वाक्य त्याचंच होतं.

खानावळीतली गोष्ट कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. त्याला काढून टाकलं. का काढलं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून लोकांनी आपापल्या परीने ठरवलं. माल चोरताना सापडला असेल, असं ठरलं. त्याच अवस्थेत त्याने मोठ्या नावाचं पाकीट विकत आणून आक्काच्या फळीवर ठेवलं. तिने ते सगळ्यांदेखत परत त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "माले दलालनी गोळी नको." ही आक्का वाईट बाई नव्हती. आजारी पोरांना ती वेगळी खिचडी लावून देई. पण एकदा फसल्यासारखं वाटलं की माणूस नेमका खऱ्याशीच भांडतो, हे मी तेव्हा पाहिलं.

पावसाळा सरता सरता आक्का भाजी वाढता वाढता खाली बसली आणि रक्ताची उलटी झाली. टेम्पोत घालून वलसाडला नेलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. ती परत आली ती झाकलेली. डॉक्टर म्हणाले, मिसरी, तिखट, वय, उशीर. कारणं भरपूर होती. गोळीचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांना विचारायला आमच्यातून कुणी गेलंही नाही.

दहाव्याला खानावळीतलाच एक पोरगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यानेच लावली तिला ती गोळी." मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हा मात्र मान खाली घालून पत्रावळी मांडत राहिला. चार दिवसांनी त्याची खोली रिकामी होती. कुणी म्हणे अंकलेश्वरला गेला, कुणी म्हणे गावी. आमच्या रांगेने त्याची जागा लगेच भरली.

पुढे त्या कारखान्याचा मालक बदलला, नाव बदललं. माझी जळजळ तेवढी राहिली. एकदा शेठकडे गेलो तर त्याने न मागता साधं पाकीट पुढे केलं. आता त्यालाच त्यात जास्त नफा सुटत असे. मी घुटमळतोय हे पाहून त्याने दोन गोळ्या काढल्या, डाव्या तळहातावर ठेवल्या, वरून उजवा हात झाकला, खुळखुळवल्या.

"बोला साहेब, मोठ्या घरनी कोणती?" आणि स्वतःच हसत, "ड्रम एकज, झबलं जुदं! तुमच्या लाइनमधला तो बोलायचा ने? बहु सारा माणूस होता."

सारा म्हणजे चांगला. आता तो चांगला माणूस ठरला होता. मला त्या शेठचा, त्या रांगेचा, सगळ्या सिल्वासाचा संताप आला. मी साध्या पाकिटातली गोळी उचलली आणि तिथेच दाताखाली फोडली.

कडू होती. खरी होती. जीभ आक्रसली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी काही केल्या थांबेना.

शेठ गडबडला. त्याने माठातलं पाणी पुढे केलं आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "अरे साहेब, ही चावायची नसते. गिळायची असते."