निकालाची पगारवाढ

आमच्या दिल्लीतल्या शाळेने ठरवलं की शिक्षकांची पगारवाढ दहावीच्या निकालावर ठरणार. त्याने शिकवणं सुधारेल, असं मॅनेजमेंटला वाटलं होतं. सुधारली ती फक्त मुलं निवडायची कला.

माझ्यासारखेच गणित शिकवणारे एक सर त्यात भलतेच तरबेज निघाले. दहावीचे सेक्शन पाडायच्या दिवशी ते सकाळपासून व्हाइस प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसत. आर. के. पुरमच्या सरकारी कॉलनीतल्या अफसरांची, दोन-दोन ट्यूशन लावलेली मुलं त्यांच्या सेक्शनमध्ये. बापाच्या बदलीपायी अर्ध्या वर्षात शाळा बदललेली, कॅन्टोन्मेंटमधली जवानांची मुलं माझ्या. अशीच एक मुलगी चुकून त्यांच्या सेक्शनमध्ये गेली, तर तिच्या आईला त्यांनी 'हिचं नाव काढा, बाहेरून परीक्षेला बसवा' असं जवळजवळ पटवलंही होतं. मी ती मुलगी मागून घेतली. वर्षभर तिच्यामागे लागले. ती काठावर पास झाली, माझ्या वर्गाची सरासरी घसरली आणि पगारवाढ गेली. सरांना स्टेजवर शाल मिळाली. वर ते मेहनतीवर भाषणही ठोकून गेले. मेहनत! ट्यूशनवाल्यांची असावी.

यंदा सरांची स्वतःची मुलगी दहावीत आली. गणितात अगदीच कच्ची. सेक्शन पाडायच्या आदल्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी आले, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हिला तुमच्या वर्गात घ्या ना. माझ्याकडे वाया जाईल ती."